नाशिकहून खाऱ्या पाण्यात गळ टाकायला जायचंय, कुठलं गाव धरायचं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर धरणावर रोहू-कटल्यावर हात बसला की प्रत्येकालाच एक दिवस समुद्र आठवतो, आणि मग तेच ते प्रश्न सुरू होतात. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. माझं एक मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल: मासा बघून गाव निवडू नका, त्या दिवशीची भरती बघून गाव निवडा. "जिताडा कुठे मिळतो" हा प्रश्नच उलटा आहे, जिताडा डहाणूपासून मालवणपर्यंत सगळीकडे आहे, प्रश्न हा आहे की तुम्ही पोचाल तेव्हा तिथे पाणी असेल का.

नाशिकहून सगळ्यात जवळचा समुद्र कुठला?

डहाणू-बोर्डी-चिंचणी हा पालघरचा पट्टा. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत उतरायचं, तिथून एक फाटा डहाणूकडे आणि दुसरा विक्रमगड-मनोरवरून पालघर-केळव्याकडे. अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आसपास पण घाट आहे, वळणं आहेत, त्यामुळे साडेतीन-चार तास धरा. सध्या २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, त्र्यंबक रोडला कधी किती वेळ जाईल ते देवालाच माहीत, म्हणून पहाटे लवकर निघालेलं बरं. थंडीत जव्हारपर्यंत स्वेटर लागतो आणि डहाणूत उतरलं की अर्ध्या तासात घाम फुटतो, दोन्ही तयारी ठेवा.

मग दरवेळी डहाणूच का नाही?

कारण तिथला किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की सुरूच्या बनातून बघितलं तर समुद्र म्हणजे लांबवर एक राखाडी रेघ दिसते, मध्ये सगळी ओली वाळू आणि चिखल. माणसं उत्साहात चार तास गाडी चालवून येतात, बघतात तर समुद्रच जाग्यावर नाही, मग चिखल तुडवत पाण्यापर्यंत जातात आणि तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून गळ टाकतात. हे दोन कारणांनी चुकीचं आहे. एक म्हणजे तिथे पाणी उथळ, मासा येणार कशाला. दुसरं जास्त महत्त्वाचं, भरती फिरली की सपाट किनाऱ्यावर पाणी समोरून येण्याआधी बाजूच्या खोलगट भागातून मागे शिरतं आणि तुम्ही मध्येच अडकता. तेव्हा या पट्ट्यात जायचं तर भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक-दीड तास, एवढाच खेळ. बाकी वेळ चिकू खा, घोलवडचा चिकू उगाच प्रसिद्ध नाहीये.

दुसरं म्हणजे पाणी गढूळ. खंभातच्या आखाताकडून गाळ येत राहतो, ओढ जोरात असते, त्यामुळे चकचकीत प्लास्टिकचे मासे फेकून फारसं काही होत नाही, तिथे वासाचं आमिष चालतं. शिंगाळा, वाम, ढोमा हे नेहमीचे, खाडीच्या तोंडाला नशीब असेल तर जिताडा. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे ठिकाण उत्तम आहे कारण पेट्रोल कमी जळतं आणि रिकाम्या हाताने परतलात तरी फार जीव जळत नाही.

भरतीची वेळ कशी काढायची? ॲप बघू का?

ॲप बघाच, पण ॲप नसताना कोकणातली माणसं जे करायची ते शिकून घ्या, कालनिर्णय भिंतीवर असतंच. तिथीला पाऊणने गुणायचं. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी एक आणि पहाटे एक. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशोब. भरती झाल्यावर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण तासाच्या थोडी वर पुढे सरकते. हा हिशोब मुंबईच्या आसपास चांगला बसतो, डहाणूकडे थोडी उशिरा आणि मालवणकडे थोडी आधी भरती येते. मिनिटाचा भरवसा ठेवू नका, पण शनिवारी जायचं की पुढच्या शनिवारी हे ठरवायला एवढं पुरतं.

आता यातली खरी गंमत बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी सगळ्यात जास्त चढतं, पण या किनाऱ्यावर तेव्हाची भरती नेहमी दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या सुमारास. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, जेव्हा मासा खायला बाहेर पडतो, तेव्हा ओहोटी. आणि अष्टमीला सकाळी सहा-संध्याकाळी सहा भरती मिळते पण तेव्हा भांग असतो, पाण्याला जोरच नसतो. म्हणून आम्ही पालघरसाठी दशमी ते द्वादशी बघतो, भरती सकाळी साडेसात ते नऊ, पाण्याला बऱ्यापैकी ओढ आलेली, आणि रात्री तीनला नाशिक सोडलं तर वेळेत पोचता येतं. यात एक घोळ आहे, मधोमध एकादशी येते. मासा गळाला लागतो आणि घरी आई म्हणते, आज शिजणार नाही.

उधाणाला जायचंच नाही का मग?

जायचं, पण खाडीवर जायचं, पुळणीवर म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर नाही. उधाणाची ओहोटी लागली की तिवरांच्या (खारफुटीच्या) आतून, नाल्यांमधून सगळं पाणी खाडीत ओढलं जातं आणि त्याबरोबर कोळंबी, माशांची बारकी पिल्लं, छोटे बोय मासे वाहत येतात. जिताडा त्या नाल्याच्या तोंडाला, थोडा बाजूला, जिथे ओढ मंदावते तिथे उभा राहतो. तुम्ही गळ नाल्याच्या मधोमध नाही टाकायचा, वाहतं पाणी आणि शांत पाणी यांच्यामधली फेसाची रेघ दिसते ना, तिच्या वरच्या अंगाला टाकायचा आणि दोरी ढिली सोडून वाहू द्यायचा. जिताडा घेतो तेव्हा हिसका बसत नाही, आधी दोरी थांबते. मग एकदम ओढ. हे सगळं रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीत मस्त जमतं, आगरदांड्याला राजपुरीच्या खाडीत जमतं, अंजर्ल्याला जोग नदीच्या खाडीतही जमतं.

रेवदंडा-मुरूड की दापोलीकडचं हर्णै-अंजर्ले?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि खरं उत्तर तुमच्याकडे किती दिवस आहेत यावर आहे.

दोन दिवस असतील तर रेवदंडा-कोर्लई-मुरूड. नाशिकहून साधारण तीनशे किलोमीटर, समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे असा पूर्ण सुरू झाल्यापासून कसाऱ्याची कटकट वाचते, पण पुढे भिवंडी-पनवेल-वडखळ या पट्ट्यात वाचवलेला वेळ परत जातो, त्यामुळे फार हुरळू नका. या भागाचं मोठेपण म्हणजे पर्याय. एका बाजूला खाडी, कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याला खडक, काशीदला पुळण, आणि हे सगळं अर्ध्या-पाऊण तासाच्या गाडीत. वारा फिरला, पाणी गढूळ झालं, तर जागा बदलता येते. साळावच्या बाजूच्या कंपनीच्या जेट्टीवर आणि पुलावर मात्र उभं राहू नका, पुलावर ट्रक जातात आणि मागे हात घेऊन रॉड फिरवला की गळ कुठे अडकेल सांगता येत नाही.

तीन दिवस असतील तर हर्णै. चारशेच्या आसपास किलोमीटर, शेवटचा टप्पा वळणावळणाचा. पण पाणी जरा निवळ, सुवर्णदुर्गाच्या आजूबाजूला खडक, होडीने थोडं बाहेर गेलं तर हेकरू वगैरे खडकातले मासे, आणि संध्याकाळी बंदरावर लिलाव असतो तो बघण्यासारखा. आसूद, मुरूड (हे दापोलीचं, रेवदंड्याकडचं नव्हे), कर्दे सगळं जवळ, घरगुती राहण्याची सोय भरपूर. मला विचाराल तर आयुष्यात एकदाच जायचं असेल तर हर्णै, वरचेवर जायचं असेल तर रेवदंडा.

आणखी खाली दाभोळला वाशिष्ठीची खाडी आहे, मोठी आणि देखणी. पण वरच्या अंगाला, चिपळूण-मालदोली बाजूला मगरी आहेत, थट्टा नाही, लोक खास बघायला जातात. तिथे काठावर पाय पाण्यात सोडून बसायचं नाही.

मालवण-तारकर्ली एवढ्या लांब जाणं परवडतं का?

साडेपाचशे-सहाशे किलोमीटर, कोल्हापूरवरून. वीकेंडला नाही परवडत, चार-पाच दिवस काढून जा नाहीतर राहू दे. पण एकदा गेलात की बाकीचं फिकं वाटतं हेही खरं. पाणी निवळ असतं, भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे दिवसभर कुठे ना कुठे गळ टाकता येतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम, तळाशीलची चिंचोळी पट्टी, आचऱ्याची खाडी, खाली निवती, ही गावं बघा. खडकात तांबोशी, खाडीत पालू आणि चोणक, म्हणजे आपला जिताडाच. इथे लूर, म्हणजे तेच प्लास्टिकचे मासे, चालतात. तांबोशी गळ घेऊन सरळ दगडात घुसते, तिला पहिल्या दोन सेकंदात वळवली नाही तर विषय संपला.

एक लक्षात ठेवा, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, साधारण २९ चौरस किलोमीटर. किल्ल्याच्या जवळ होडीतून गळ टाकायचं डोक्यातून काढा, स्थानिक नाखवाला (होडीवाल्याला) विचारून त्याच्याबाहेर जा.

सातपाटी, केळवा, अर्नाळा, वसई?

सातपाटी हे पापलेटचं गाव, बंदर बघायला आणि मासे विकत घ्यायला जा, गळ टाकायला नको, होड्यांची वर्दळ आहे आणि आपण मध्ये लुडबुड करतो. केळव्याला रविवारी पब्लिक फार. वसई-अर्नाळ्याला मुंबईची मंडळी आधीच असतात. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या आसपास फिरकू नका, ड्रोन तर अजिबात नको.

कुठला महिना चांगला?

ऑक्टोबर ते डिसेंबर. पाऊस संपून खाड्यांचं पाणी परत खारं झालेलं, समुद्र शांत, सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो त्यामुळे पाणी सपाट आणि गळ लांब जातो. दुपारनंतर खारा वारा सुटतो, मग तोंडावर दोरी परत येते. जानेवारीत पालघरकडे जरा मंद. मार्च ते मे मासे असतात पण दुपारचा वारा आणि ऊन दोन्ही जीव खातात, तेव्हा पहाट आणि रात्रच.

जून-जुलै नाही. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, मासे तेव्हा अंडी घालतात. तुम्ही म्हणाल आम्ही कुठे ट्रॉलर घेऊन चाललोय, आम्ही खडकावर उभं राहणार. बरोबर, आणि पावसाळ्यातल्या खडकावर दर वर्षी माणसं वाहून जातात. शेवाळ, उधाण आणि लाट, तिघं एकत्र असतात. नारळी पौर्णिमेनंतर बघा.

धरणावरचंच सामान चालेल का?

पहिल्या वेळेला चालेल, पण रीळ परत आणल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, नाहीतर आठवड्यात गंजून बसेल. घ्यायचंच असेल तर आठ ते दहा फुटांचा रॉड, ४००० किंवा ५००० नंबरचा रीळ, वीस-तीस पौंडांची ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे दीड-दोन फूट लांबीचा, चाळीस पौंडांचा जाड नायलॉन लीडर. लीडर का, तर जिताड्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते, बारीक दोरी एका झटक्यात कापते. त्याच कारणाने त्याला गालफडात बोट घालून उचलायचं नाही, खालच्या ओठाला धरायचं. खाडीला ओढ असते म्हणून शिसं साठ ते शंभर ग्रॅमपर्यंत बरोबर ठेवा, धरणावरच्या बारक्या शिशाने गळ तिसऱ्याच्या अंगावर जाईल. महागडा रॉड घेऊ नका. गावातली पोरं नुसत्या हातदोरीने तुमच्यासमोर मासे काढतील आणि तुम्ही बघत बसाल.

आमिष नाशिकहून न्यायचं का?

नको. बर्फातली कोळंबी मऊ पडलेली असते, गळाला टिकत नाही, फेकली की एकीकडे गळ आणि एकीकडे कोळंबी. तिथे सकाळी बाजारात मावश्यांकडून ताजी घ्या. जिवंत मिळाली तर सोनं. जिवंत कोळंबी लावायची ती डोक्यावरच्या करवतीच्या मुळाशी, आडवा गळ घालायचा, पण आत एक काळा ठिपका दिसतो त्याला टोचायचं नाही, टोचलं की ती मेली. नीट लावली तर बराच वेळ पाय हलवत राहते आणि तेच तर पाहिजे. नाहीतर बांगड्याची लांबट फोड, सालीसकट, गळ दोनदा सालीतून फिरवून. माकुल (स्क्विड) चिवट असतं म्हणून शिंगाळे वारंवार आमिष चोरत असतील तेव्हा बरं पडतं.

बोट घ्यावी का? किती पैसे?

भाव सांगत नाही, सीझनप्रमाणे बदलतो. पण पैसे ठरवताना तासावर ठरवा, डिझेल धरून की वेगळं ते आधी विचारा. लाईफ जॅकेट सगळ्यांना मोजून बघा, "आहेत हो साहेब" वर जाऊ नका. आणि तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणाला आज बाहेर नको, तर आज बाहेर नको. आपण चारशे किलोमीटर आलोय म्हणून त्याच्यावर दबाव टाकणारी माणसं मी बघितलीत, फार राग येतो. ज्याला उलटी होते त्याने खाडीतच थांबावं, त्यात लाज कसली.

शिंगाळ्याचा काटा लागला तर?

लागणारच कधीतरी. पाठीवर एक आणि बाजूला दोन असे तीन काटे, त्यात विष असतं, जीव जात नाही पण कळ जबरदस्त. हात सोसेल इतक्या गरम पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवा, अर्धा-एक तास, कळ खरंच कमी होते. बर्फ नको. मग डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, काटा आत तुटला असेल तर स्वतः उकरत बसू नका. पाखटाच्या (स्टिंग रे) नांगीलाही हेच. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत चालायचं, म्हणजे पाखट आधीच बाजूला होतं. एक पक्कड कायम खिशात, आणि शिंगाळा दिसला की हाताने नाही, पकडीने गळ काढायचा.

काही नियम-बियम आहेत का?

आहेत. लहान मासा परत सोडा, राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिलीय, त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. कासव गळाला लागलं किंवा दोरीत गुंतलं तर शांतपणे दोरी कापून सोडायचं आणि गावात कळवायचं, वेळास-अंजर्ले-गुहागर पट्ट्यात ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. रात्री त्या पुळणीवर मोठे टॉर्च मारू नका. तिवरं तोडायची नाहीत, गळ अडकला तर गळ गेला समजायचं. बंदर, किल्ला, जेट्टी कुठेही आधी विचारायचं, मच्छिमार सोसायटीचं ऑफिस बहुतेक मोठ्या गावात असतं, पाच मिनिटं लागतात.

गावातले लोक नाराज होतात का?

तुम्ही कसे वागता त्यावर आहे. पालघरकडे मांगेला, वैती, इकडे कोळी, खाली गाबीत, सगळ्यांचं पोट या पाण्यावर आहे आणि आपलं ते मौजेचं. पुळणीवर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर जाळ्यावरून उडी मारून जायचं नाही, लांबून वळसा. खाडीत डोल (खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं) लावलेली असेल तर तिच्या खुंटांपासून लांब. तुटलेली दोरी गोळा करून घरी न्यायची, ती जाळ्यात आणि पक्ष्यांच्या पायात अडकते. आणि बाटल्या. याच्यावर बोलायलाच नको. काका, दादा, मावशी म्हणून दोन शब्द बोललात तर कुठे खड्डा आहे, कुठे दगड आहे ते लोक आपणहून सांगतात, तेवढी माहिती कुठल्या ॲपवर नाही.

शिमग्याला आणि नारळी पौर्णिमेला होडी मिळेल अशी आशा धरू नका.

बायको-मुलं बरोबर असतील तर?

हर्णै-मुरूड-कर्दे किंवा तारकर्ली. डहाणू-बोर्डीही चालेल, बोर्डीची पुळण मुलांना छान. खडकाळ जागा नको, तुमचं लक्ष दोरीवर आणि पोरांचं लक्ष खेकड्यांवर, यातून नको ते होतं.

गाडी नाही, रेल्वेने जमेल का?

रत्नागिरीपर्यंत जमेल, मंगला एक्सप्रेस नाशिकरोडवरून येऊन कोकण रेल्वेने जाते. पण रॉड पाईपमध्ये घालून न्या, वरच्या बर्थवर कोणी झोपलं की रॉडचं टोक गेलंच. डहाणूला रेल्वेने म्हणजे कल्याण-वसई करत उलटा वळसा, त्यापेक्षा जव्हारमार्गे एसटी बरी, वेळ स्टँडवर विचारून घ्या.

मासा नाशिकपर्यंत टिकतो का?

टिकतो, पण काठावरच काम करावं लागतं. पकडला की लगेच पोट आणि कल्ले काढायचे, समुद्राच्या पाण्याने धुवायचा, पोटात बर्फ भरायचा. थर्माकोलचा डबा, जेवढा मासा तेवढाच बर्फ, तळाला भोक पाडून पाणी निघेल असं बघा, मासा वितळलेल्या पाण्यात पोहत आला तर चव गेली. बर्फ बंदराजवळ मिळतो, हॉटेलच्या फ्रीजमधल्या ट्रेवर भागत नाही. मासा प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून डिकीत टाकला तर जव्हारपर्यंतच वास यायला लागतो आणि गाडी भावाची असेल तर पुढच्या वेळी मिळत नाही.

काहीच नाही मिळालं तर?

बहुतेकांना पहिल्या वेळेला काही मिळत नाही. हर्णैला असाल तर संध्याकाळच्या लिलावाला जा, डहाणूला असाल तर सकाळी लवकर बाजार गाठा. घरी कोणी विचारलं तर काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, फक्त बर्फात पापलेट नेऊन "मी गळाने पकडला" असं सांगू नका, पापलेट असा सहज गळाला लागत नाही आणि ज्याला कळतं तो लगेच हसतो.